रकाना

मे महिन्यात जळगावात माणसं सावलीच्याही सावलीला बसतात.
ओपीडीच्या पायरीवरच्या चपला
दुपारपर्यंत तापून वाकड्या.
माझं काम लिहायचं : नाव, गाव, वय, तक्रार.

लीलाधर ओंकार फेगडे. मुक्काम भुसावळ. त्रेसष्ट.
मालगाडी चालवली चौतीस वर्षं.
छातीवर दाब, डावा हात जड.
तंबाखू? "होती."
कधी सोडली? "आज सकाळी."
झोप? "ते कंट्रोलरले विचारा."
जेवण?
इथे बाई बोलल्या, मागे उभ्या होत्या
रिपोर्टांची पिशवी पोटाशी धरून :
"शेवभाजी, नाहीत भरीत, वर कच्चं तेल.
रात्री दोनले आले तरी भाकर ताजी लागे."
राग येतो का?
तो पंख्याकडे बघू लागला.
"लिहा, थोडा," बाई म्हणाल्या.
रकान्यात हो आणि नाही एवढंच छापलेलं.
'थोडा' मी समासात लिहिलं.
थोडा म्हणजे भिंतीवर किती ताटं,
ते मला फार उशिरा कळलं.

दोन स्टेंट. पथ्याचा कागद.
बाईंनी तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवला.
मीठ मोजलं, तेल मोजलं,
त्याच्या सकाळच्या फेऱ्या मोजल्या,
गोळ्यांच्या पट्टीतली रिकामी घरं मोजली.
पुढच्या चैत्रात काखेजवळ
हरभऱ्याएवढं काही हाताला लागलं,
तेवढं मोजायचं राहिलं.

दिवाळी उलटल्यावर त्या आल्या, शेजारच्या इमारतीत.
माझीही बदली तिथेच झालेली.
पुष्पलता लीलाधर फेगडे. अठ्ठावन्न.
गाठ कधी लागली?
"बिबडे वाळत घालत होती, तव्हाच."
मी बोटांवर महिने मोजले. त्या लाजल्या,
लग्नाआधीचं काही विचारल्यासारख्या.
"आधी ह्यांची वर्षाची तपासणी होती.
मग सोनलचं बाळंतपण.
आन् दुखत त नव्हतं."

नणंदेनं सांगितलं होतं, मनात साठवलं की गाठ होते.
तेच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, दार लागल्याची खात्री करून :
"मी राग गिळला म्हणून झालं का हो?
सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही.
एक चतुर्थी मोडली नाही."
भारंबे मॅडमनी चष्मा काढला.
"गिळलेल्या रागाची गाठ होत नाही, पुष्पाबाई.
कोणी म्हटलंच, तर मला फोन लावून द्या.
पण हा जो उशीर झाला, तो मनाचा."
मग पेनाचं टोपण लावत,
"एकट्या तुमच्या मनाचा नाही."

दार नीट लागलं नव्हतं.
फटीत लीलाधर, हातात थर्मास.
त्याच्या छातीत त्या वेळी काय चाललं असेल,
तेव्हा नेमकं यंत्र लावलेलं नव्हतं.

आता दर तिसऱ्या आठवड्याला तो खुर्ची ओढून
तिच्या सलाईनजवळ बसतो.
मला सांगत होता, इंजिनात दोघं असतात.
सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं पुकारायचा,
दुसऱ्यानं तोच परत पुकारायचा.
नुसतं दिसून भागत नाही. तोंडानं म्हणावं लागतं.
चौतीस वर्षं, एकही सिग्नल मुका सोडला नाही.
"घरी आलो का गप."
यावर मी काही बोलले नाही.
हल्ली नव्या केस पेपरवर
समासात एक ओळ पेनानं वाढवते :
हे घरी कोणाला सांगितलं?
मोठ्या साहेबांनी अजून पाहिलेली नाही.

थेंब पडतो.
"मळमळतंय?"
"मळमळतंय."
"गार लागतंय?"
"गार लागतंय." तो शाल वर ओढतो,
उलटी, भरतकामाची बाजू आत.
"भेव वाटते?"
ती बराच वेळ नळीतल्या थेंबाकडे बघते.
"तुम्ही पह्यले सांगा."