बिनकामाचा उपसागर

पुंता आरेनासमध्ये वारा असा सुटतो
की चौकाचौकांत दोर बांधलेत,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मी धरते.
नेवेन्का धरत नाही.
कोटाची बटणं उघडी टाकून
ती उडालेल्या टोपीमागे धावते, भर रस्त्यातून,
आणि माझ्या एका हातात दोर,
दुसऱ्यात तिची बाही.

मी तिला नावानंच हाक मारते.
आई म्हटलं की ती मागे वळून बघते,
कुणाची आई आली म्हणून.

माझी एक वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
गॅस, वीज, शाळेची बस, दंतवैद्याचा हप्ता.
शेवटचा रकाना: वाया.
त्यात एक पिवळी होडी, इंजिन नसलेली,
अंगणात उभी; समुद्र पार खाली, टेकडी उतरून.
एक अ‍ॅकॉर्डियन, तीन पट्ट्या मुक्या.
आणि सलूनमधली नोकरी,
जी तिनं एका बाईचे अर्धे केस रंगवून झाल्यावर सोडली.
उरलेले अर्धे मी जाऊन रंगवले.
बाईनं आरशातूनच विचारलं, वय काय गं तुझं?
पंधरा, म्हटलं. मान हलवू नका.

"तू म्हातारीच जन्मलीस, दानित्सा."
कुणीतरी जन्मायला हवंच होतं.

मंगळवारी पहाटे तीनला तिनं दिवा लावला.
अंगात माझाच स्वेटर, उलटा.
"चल, ऊठ! सामुद्रधुनीपलीकडे राजपेंग्विन आलेत.
आणि त्या उपसागराचं नाव काय, तर 'बिनकामाचा'.
कुणी ठेवलं असेल गं असलं नाव?"
माझ्यासारख्या कुणीतरी, मी म्हणाले. हिशेब करून.
सकाळी माझा रसायनशास्त्राचा पेपर आहे.
"पेपर काय, दरवर्षी येतात."
पेंग्विनसुद्धा.

ती दारात रेंगाळली.
तिला वाटलं, येईल.
येतेच मी एरवी, थर्मास भरून,
टायरमधली हवा बघून, कुरकुरत.
त्या रात्री मी कूस बदलली.
गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली, तेवढं मोजलं.

मग वारा चढला, फेरीबोट बंद पडली,
ती तिकडे अडकली
आणि तीन दिवस घर माझं झालं.
पेपर बरा गेला.
बिलं मुदतीत. भांडी जिथल्या तिथे.
रात्री दहाला दिवे बंद.
तिसऱ्या रात्री कळलं,
घरात नाही म्हणायलासुद्धा
कुणी नव्हतं.
खिडकीत शेजारचं मांजर आलं, त्यालाच म्हणून बघितलं: नाही.
ते लगेच निघून गेलं.
इतकं सोपं असतं, मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी ती आली.
ओठ उललेले, गाडीचा एक दिवा फुटलेला.
माफी नाही. ती मागायची राहून जाते तिच्याकडून,
जशी किल्ली राहते, चूल चालू राहते.
बूट न काढताच सुरू झाली,
"वीस-बावीस होते गं! वाऱ्याला पाठ करून,
हात बांधून, एका ओळीत.
एकेक अगदी तू.
मला वाटलं, आता विचारणार,
परतीचं तिकीट काढलंस का?"

मला हसायचं नव्हतं.
हसू नाकातून निसटलं,
म्हणून मी घाईनं म्हटलं,
पावत्या दे.

तिनं खिसे उलटे केले.
वाळू. एक पीस. अर्धा पाव, दगड झालेला.
पेट्रोलची पावती.
फेरीबोटीची तिकिटं, दोन.
एकाला भोक पाडलेलं,
दुसरं कोरं.

"चुकून," ती म्हणाली,
आणि घरात वारा नसताना
टेबलाची कड धरून उभी राहिली.

मी काही बोलले नाही.
वही उघडली.
'वाया'खाली लिहिलं: तिकीट, एक.
पेन्सिलनं.