दात बघून

बाप माझा हेडी. शनिवारच्या बाजारात
बैलाचा ओठ अंगठ्यानं वर करून सांगायचा:
चार दाती, सहा दाती, जुळलेला.
भाव तोंडानं कधी नाही.
रुमालाखाली, बोटांना बोटं.

मी गाड्या बघतो. एकतीस वर्षं.
खानापूर रोडला पत्र्याचं शेड, मागं चिंच.
डिझेल असली की बॉनेटला कान लावायचा,
धुराच्या नळीत बोट घालून काजळी बघायची,
ऑइलचा थेंब चिमटीत चोळायचा.
कुठं धावली, कुठं रडली,
गाडी आपणहून सांगायची.

काल मुतगेकरांची आली.
उद्यमबागेतले मुतगेकर, फौंड्रीवाले,
तीन पिढ्या इंजिनाचे ब्लॉक ओतणारे,
आणि हे घेतले बिनइंजिनाची.
एक कोटी अठरा लाख. तेव्हा.
साडेचार वर्षं झाली त्याला.
शेडात येऊन उभी राहिली, पांढरी;
चालू आहे का बंद, तेच कळेना.

दाराची मूठ आत गेलेली, बाहेर येईना.
"थांबा, पावसाळ्यात जरा असं करतंय."
पावसाळा संपून दोन महिने झालेत.
मी बोललो नाही.

आत पडदा, जेवायच्या ताटाएवढा.
कन्नड बोलतो, इंग्लिश बोलतो, जर्मनसुद्धा.
"मराठी?" मी विचारलो.
मुतगेकर हसले.
"तेवढं सोडून. आपल्याला सवय आहे की."

सिद्राय, माझा भाचा, वायर जोडला.
लॅपटॉपवर आकडा आला. ब्याऐंशी.
"शंभरातले ब्याऐंशी राहिलेत, मामा, बॅटरीत."
म्हणजे किती दाती, मी विचारलो.
तो मान वर केला नाही.

मग कागद काढलो.
दोनदा पुण्याला गेलेली, ट्रकावर बसून.
एकदा चार्जिंगचं खोकं बदललेलं,
एकदा पडदाच मेला,
कोगनोळीच्या नाक्यावर, दोन तास.
क्रेन इकडची बोलवायची का तिकडची,
फोनवर ठरेना.
बॅटरीची हमी आठ वर्षं, त्यातली साडेतीन उरली.
हमी संपल्यावर नवी केवढ्याला?
फोनवरची बाई आकडा सांगितली,
मी खुर्ची ओढून घेतलो.

नाक्यापलीकडं नंबर बदलला तर कर निराळा,
इथंच ठेवली तर गिऱ्हाईक निराळं.
तीच गाडी, तासाभराच्या रस्त्याला दोन भाव.
आमच्याकडं माणसांचंही तसंच. पण ते असो.

कोपऱ्यात अठ्ठ्याण्णवची जीप आहे,
बेकवाडच्या एकाची. पत्रा कुजलाय,
डावं दार काथ्यानं बांधलंय.
या आठवड्यात तिला तिघं विचारून गेले.
मुतगेकर तिच्याकडंच बघत होते.
"हिचा ब्लॉक आमच्याकडचा असंल," म्हणाले.
असेलही.

"सांगा आता."
तोंडानं सांगवेना.
खिशातला रुमाल काढलो, हातावर टाकलो.
त्यांना कळलं. त्यांचा आजा
माझ्या आज्याकडनं बैलं न्यायचा.
आधी चार बोटं धरलो. मग दोन.
भट्टीनं भाजल्याचा जुना वण लागला हाताला,
गुळगुळीत.

हात सोडवून घेतले नाहीत.
"चोर्ल्याच्या घाटात," ते म्हणाले,
"रात्री काच खाली केली की
दरीतलं पाणी ऐकू येत होतं. गाडी चालू असताना.
ही आजारी होती, तेव्हा विश्रांतीला माहेरी
पाठवल्यासारखं दर रविवारी न्यायचो तिला.
डोळे मिटून बसायची.
त्याचं किती धरलासा?"

"त्याला बोट नाही आमच्यात," मी म्हटलो.

रुमाल घडी करून माझ्या हातात दिले.
विकायची का नाही, काही बोलले नाहीत.
गाडी मागं घेतले तेव्हा आवाज असा नाहीच,
चाकाखाली चिंचेची वाळकी बोटकं
तेवढी कडकडली.
सिद्राय आतून ओरडला,
"मामा, गेले काय?"