टिपणीसांचा पूर्णविराम

महापे, रात्रीचे पावणेतीन.
रबाळ्याच्या बाजूनं आंबूस वास येतोय,
एसी अठरावर अडकलाय,
आणि मी शाल गुंडाळून
एकोणीसशे एकोणनव्वदचा प्रोग्राम वाचतेय.

ओजस म्हणतो, मॅडम, हे सगळं जावात नेऊ.
तिच्यासाठी वेगळा प्रोसेसर घेतलाय, झिप,
नुसता बसून आहे,
त्याच्यावरच्या कामाचं बिल लागत नाही.

खरंय त्याचं.
एकाच भट्टीतले दोघे सख्खे भाऊ,
एकाच्या घामाला मीटर,
दुसऱ्याच्या दारात मीटरच नाही,
आणि त्या दारात कोबोलला मज्जाव.

आईला फोनवर सांगितलं,
ऑफिसात जावाचं प्रस्थ वाढलंय.
तिला कमी ऐकू येतं.
म्हणाली, जावा-जावा उभा दावा,
तू आपली गप बस.
मी दुरुस्त केलं नाही.

चाचणीत अकराशे चौदा खाती नापास.
फरक पैशांचा, रुपयाचाही नाही.
ओजसचा कोड स्वच्छ आहे, दोनदा पाहिला.
मग चारशे बाराव्या ओळीशी आले:
सातव्या रकान्यात चांदणी,
पुढे रोमन अक्षरांत मराठी,
"पूर्णविराम काढू नये. विचारा टिपणीस, ४१७."

चांदणीची ओळ चालत नाही,
ती फक्त वाचायची असते.

टिपणीस जाऊन अकरा वर्षं झाली.
४१७ लावून पाहिला तरीही.
गेटवरच्या सिक्युरिटीनं उचलला.

तो ठिपका "जर" मध्येच संपवतो,
म्हणून खालची व्याजाची ओळ सगळ्यांना लागते,
वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या
घणसोली गावठाणातल्या पासबुकांनासुद्धा.
चूक होती की दया होती,
की साहेबांनी तोंडी सांगितलं होतं,
कागद कुठेच नाही.

ओजस म्हणाला, मग बग तुमच्याकडे आहे.
मी म्हटलं, असेल.
पस्तीस वर्षं लोकांना पैसे देणाऱ्या बगला
सकाळी कमिटीसमोर उभं करू, आज राहू दे.

तो चहा आणायला गेला.
मी त्याच्या फाईलमध्ये
"जर" त्याच जागी तोडलं,
वर दोन तिरप्या रेघा मारल्या
आणि लिहिलं: हे असंच हवं का, ठरलेलं नाही.
तोवर हलवू नये. विचारा मढवी.

ऑक्टोबरात रिटायर होतेय.
एक्स्टेन्शन खोडलं,
घरचा नंबर टाकला.