रुमालाखाली

माझ्या नावाच्या पहिल्याच अक्षराला दार होतं,
आतून कडी घातलेलं.
पायगोंडा.
हजेरी माझ्याजवळ आली की पोटात वहीची पानं उलटायची.
नुसतं 'हजर' म्हणायचं, तर ह, ह, ह...
मागच्या बाकावरनं कुणीतरी : "पेट्रोल संपलंय, ढकला की रे!"
सगळे हसायचे.
मीही हसायचो, ते जास्त वाईट.

बाप सांगलीच्या हळद बाजारात तोलार.
सुट्टीत त्याचा डबा घेऊन जायचो.
तिथं पिवळ्या भुवयांची मोठाली माणसं
रुमालाखाली एकमेकांचा हात धरून गप्प.
पंजा दाबला, दोन बोटं धरली, एक सोडलं,
मान हलली,
आणि पंचवीस पोती विकली गेली.
मला वाटलं, हेच आपलं गाव.
शाळा उगाच मध्ये आली.

घरी आईकडे मीठसुद्धा
टॉवेलखाली बोटं दाबून मागून बघितलं.
तिनं बोटं धरून ठेवली.
"तोंडानं सांग. मला कुठं जायचंय?"
मी 'मीठ' म्हणालो तोवर
आमटी अळणीच संपली होती.

पुढं आयर्विन पुलावर, पहाटे,
ओठ सैल सोडून
कृष्णेला माझं नाव सांगत राहिलो.
तिला जायचं होतं, तरी ऐकून गेली.
बरा झालो असं नाही.
आजही फोनवर 'प' अडतो,
कुरिअरवाला हॅलो हॅलो करून ठेवून देतो.
मी परत लावतो.

आता शनिवारी गणपती पेठेत,
पत्र्याच्या दुकानावरच्या खोलीत सात जण येतात.
सतरंजी, माठ.
घड्याळ होतं, ते मी काढून ठेवलं.

मिरजेचा दस्तगीर, वय नऊ,
तीन शनिवार भिंतीकडे बघत बसला.
चौथ्याला मी बापाचा रुमाल काढला,
आमचे हात झाकले.
त्यानं एक बोट दाबलं. मी दोन.
त्यानं पंजा.
कशाचा सौदा चाललाय, दोघांनाही ठाऊक नव्हतं.
खाली कुणी पत्रा कापत होतं.
त्याची जीभ दाताला चिकटली, सुटली, पुन्हा चिकटली.
मी शब्द पुरवला नाही.
एवढंच काम मला येतं.

"स-सर, हा-हात सोडा.
घ... घ... घाम आलाय तुमचा."

सोडला.
इतक्या वर्षांच्या धुण्यानंतरही
त्याच्या तळव्याला पिवळं लागलं होतं.
ते शर्टाला पुसत,
कुणाला तरी काहीतरी सांगतच
तो जिना उतरला.