सातवा मणका

श्रावस्तीनं सीनियरकडून हाडं आणली. निम्मा सेट.
हात-पाय एकाच बाजूचे, कवटी पूर्ण,
मणके दोरीत ओवलेले.
पाऊण किमतीत, तीही दोन हप्त्यांत.
ससूनपासून रिक्षात मांडीवर घेऊन आली, वरून ओढणी.
ताडीवाला रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी
कुणीतरी विचारलं, काय गं, भोपळा?
हो म्हणाली.

मी मशीनवर होते. लग्नसराई, नऊ ब्लाऊज बाकी.
तिनं कवटी कटिंगच्या टेबलावर ठेवली,
खाली अस्तराचे तुकडे, घरंगळू नये म्हणून.
मी आधी हात पुसले. का, माहीत नाही.

डोक्यावरून मागं गेलेली नागमोडी रेघ,
बारीक, वेडीवाकडी,
घाईत पिको मारल्यासारखी.
हे कुणी शिवलं?
ती हसली. आई, ह्याला शिवणच म्हणतात.
पुढची आडवी, मधली उभी,
जन्मताना उघड्या असतात, मग मिटत जातात.

ते माझ्या तळव्याला ठाऊक होतं.
दीड वर्ष तेल जिरवलंय हिच्या टाळूवर.
धपधप, धपधप,
मी पायडल मारायची थांबले तरी.

रोज रात्री साडेनऊला वही माझ्या हातात.
इंग्रजी मला अक्षर लावून येतं.
स्फेनॉइड. एथमॉइड. व्होमर.
झायगोमॅटिकला माझी जीभ अडते.
गालाचं हाड म्हण की सरळ.
व्हायव्हात गालाचं हाड चालत नाही, आई.

बरगड्या बारा जोड्या.
सात खऱ्या, पाच खोट्या,
त्या पाचांतल्या शेवटच्या दोन पुढून मोकळ्याच, तरंगत्या.
खोट्या कशानं?
छातीच्या हाडापर्यंत स्वतः पोचत नाहीत,
वरचीला धरून राहतात.
मग त्यांना खोटं कशाला म्हणायचं, मी म्हटलं.
तिनं ते वहीत लिहिलं नाही.

एकदा दोरी तुटली.
पलंगाखाली, शिलाईच्या चिंध्यांत, मशीनच्या पायाशी
मणके गोळा करत बसलो दोघी. एक कमी.
तिसऱ्या दिवशी मला सापडला, बटणांच्या डब्यात.
मागचं टोक लांब, बोथट.
हा मानेचा, शेवटचा.
तिनं पुस्तक काढलं, पानं उलटली, माझ्याकडे बघितलं.
तुला कसं कळलं?

तेवीस वर्षं माझी टेप इथूनच सुटते.
मान खाली घाला म्हणते,
बोटाला उंचवटा लागतो,
तिथं टोक दाबायचं आणि कमरेपर्यंत सोडायची.
कॅम्पातली बाई असो, मंगळवार पेठेतली असो,
नवरी असो, नवरीची आई असो.
नाव आज कळलं एवढंच. सी सेव्हन.
गिऱ्हाइकाच्या वहीत लिहिण्यासारखं आहे.

कवटीवर आतून शाईचा आकडा. बाकी काही नाही.
दाढा झिजलेल्या, डाव्या जास्त.
ह्या बाजूनं चावायची, मी म्हटलं.
श्रावस्ती भुवईवरचं हाड चाचपत राहिली.
म्हणाली, बाई असेलही.
त्या रात्रीपासून झाकायला मी
माझं जुनं परकराचं कापड देते. धुतलेलं.

काल तिचे वडील एक वाजता आले.
दिल्लीची गाडी तीन तास लेट,
पुलावरून दोन फेऱ्या, डोक्यावर कुणाचातरी संसार.
लाल शर्ट खुंटीला, बिल्ला त्यालाच.
जेवले नाहीत. पोटावर आडवे झाले, लगेच घोरायला लागले.

परीक्षा सकाळी. ती जागीच होती.
हळूच बनियन वर सारला
आणि मानेपासून मोजत निघाली एका बोटानं.
ओठ हलत होते, आवाज नाही.
पाठीचे बारा संपले.
कमरेचा पहिला. दुसरा. तिसरा.
चौथ्यावर बोट टेकलं
तेव्हा ते झोपेतच बोलले,
हां, तिथंच.

पाचवा राहिला.
बोट तिथंच ठेवून ती बसली,
आणि सातव्या ब्लाऊजची बाही तशीच दाताखाली घेऊन मी.