चार नंबरची हाक

सावद्याला, केळीच्या वखारींच्या मागे,
वजनकाट्याच्या केबिनीत
पंखा मे महिन्याची हवा नुसती ढवळत होता.
पुंडलिक नेहेते म्हणाले,
"फ्लॉपी खात नाई आता. आधी काईबी खाये."

पेटी उघडली.
आत तीस वर्षांची धूळ,
वाळून कागद झालेली एक पाल,
आणि दाटीवाटीनं उभी चार कार्डं,
ज्यांच्या कंपन्या केव्हाच बुडाल्या.

जुना ड्राइव्ह काढला. त्याच खाचेत बसवलं
त्याचं सोंग घेणारं यंत्र:
तोंडात पेनड्राइव्ह, कपाळावर तीन शून्यं.
मशीनला कळू द्यायचं नाही
की आत चकती फिरत नाहीये.

दिवा लागला, तो विझेचना.
न विझणारा दिवा म्हणजे केबल उलटी,
हे मला कुठल्या पुस्तकानं नाही,
भुसावळच्या दुकानात वाया गेलेल्या
तीन रात्रींनी शिकवलं.
लाल कड एक नंबरकडे. फिरवली. विझला.

तरी ड्राइव्ह सापडेना.
केबलीच्या टोकाशी पीळ असतो, सात तारांचा;
पिळापलीकडे पहिला तो दुसरा होतो, दुसरा तो पहिला.
कारखान्यानं मात्र इवलीशी टोपी
पहिल्याच खुंटीवर घालून पाठवलेली.
चिमट्यानं उपटली, शेजारच्या खुंटीवर घातली.
सुंभ जळो न जळो,
पिळाशी आपणच जुळवून घ्यायचं असतं.

मग पडदा उजळला.
नेहेत्यांच्या एकोणीस फ्लॉप्यांपैकी बारा आदल्या आठवड्यात
माझ्या टेबलावर वाचल्या होत्या,
सातांवर बुरशीची नक्षी.
"शहाण्णवची केळी" असं निळ्या शाईत लिहिलेली
त्या सातांत होती.
त्यांनी ती परत मागून घेतली, शर्टाच्या खिशात ठेवली,
जणू ती अजून भरलेलीच आहे.

निघताना हळूच म्हणाले,
"आनखी एक हाये. माऊस हालवला का वजन गोठते."
कधीपासून?
"माऊस घेतला तवापासून. सत्त्याण्णव."

सत्तावीस वर्षं
ट्रक काट्यावर चढला की हे हात मांडीवर ठेवत होते.
ड्रायव्हरला सांगत, इंजिन बंद कर, बोलू नोको.
क्लीनर खाली उतरून उभा राही,
पाण्याचे पाऊच विकणारा पोरगाही जागीच.
"वजन लाजरं असते," असं सांगत सगळ्यांना,
आणि सगळ्यांना ते पटलेलं.

मी वाकून पाहिलं.
माऊस पहिल्या दारात, काटा तिसऱ्या दारात,
पण दोघांना हाक एकच, चार नंबरची.
सासूनं नुसतं "सूनबाई" म्हणावं,
धाकटीनं धावत यावं,
थोरलीची पोळी तव्यावर करपावी, तसं.
सात नंबर प्रिंटरचा. पाच रिकामा.
कार्डावरची टोपी चारावरून पाचावर,
आणि प्रोग्रामच्या कानात तेवढाच एक बदल,
त्या सोंगाड्या ड्राइव्हमधल्या तिसऱ्या फ्लॉपीवर लिहून.

तांदलवाडीची गाडी आली.
मी मुद्दाम माऊस गरगर फिरवला.
आकडा चालू: सोळा हजार दोनशे ऐंशी.
ड्रायव्हर उतरला, आणि तो साठानं उतरला.
"बरं झालं," नेहेते म्हणाले. पैसे मोजून दिले.
दहाची एक नोट जास्त गेली, ती परत घेतली.

मागोमाग दुसरी गाडी.
मी हत्यारं पिशवीत भरत होतो.
नेहेत्यांचे दोन्ही हात
कुणी न सांगता मांडीवर गेले.
बाहेर इंजिन बंद झालं.
पाऊचवाला पोरगा एका पायावर थबकला.

मीही,
पिशवीची चेन अर्धी ओढून,
थांबलो.