आधी काचेची भांडी

लाउतारोने पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला,
बटाट्याच्या सालींशेजारी,
म्हणाला, मावशी, यात तीन घरं आहेत.
आज रात्री एकेकात राहून बघ.
काही पुसलं जाणार नाही.
नाही आवडलं तर उपसून काढ,
सकाळी सगळं जसंच्या तसं.

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं,
ना लग्नाआधी,
ना सालमनच्या कारखान्यात सुरी हातात दिली तेव्हा.

लॅपटॉप नऊ वर्षांचा.
जुन्या विंडोजला आता डागडुजी मिळणार नाही
असं रोज सकाळी बजावायचा,
जसं काही मीच तिचं छप्पर फोडलं होतं.

माझं काम तसं थोडंच.
बुधवारी बेटाच्या रेडिओवर अर्धा तास:
म्हाताऱ्यांचे आवाज, बोटीची वेळ, कुणाची गाय हरवली.
आणि वर्षातून एकदा शाळेच्या नाचाचा व्हिडिओ,
ज्यात प्रत्येक आईला
आपलंच पोर मधोमध हवं असतं.

पहिलं घर देखणं.
प्रत्येक चौकट उघडताना लाटेसारखी हलायची.
माझ्या चार जीबीत त्याला धाप लागली,
पाणी विचारायच्या आत थिजलंसुद्धा.

दुसरं सुताराचं.
भिंती नाहीत, नुसत्या फळ्या रचलेल्या,
आणि एक काळी पाटी, जिच्यावर हुकूम लिहायचे.
लाउतारोचे डोळे चमकले:
यात सगळं तू ठरवशील तसं!
मी म्हटलं, बाळा, मला जेवायचंय,
चूल बांधायची नाहीये.

तिसऱ्याचं नाव मिंट.
डाव्या कोपऱ्यात बटण, जिथे हात आपोआप जातो.
जरा जुन्या धाटणीचं, माझ्या हिरव्या स्वेटरसारखं.
भाषा स्पॅनिश निवडली आणि
डोक्यावर लाट घेतलेला आमचा न
पहिल्याच दाबाला उमटला.

मग एर्मेलिंदोचा व्हिडिओ उघडला.
काळोख. आवाजही नाही.
लाउतारो कानामागे खाजवत राहिला:
कोडेक लागतात. त्यासाठी इंटरनेट लागतं.
आणि वादळात तार तुटलेली.
म्हणून रात्री दहा वाजता आम्ही दोघं
लॅपटॉप मेणकापडात गुंडाळून
सुनिल्दाच्या स्वयंपाकघरात.
तिच्या खिडकीत मोबाइलला दोन काड्या येतात.

एक आज्ञा, तिचा पासवर्ड, चहाचे दोन कप.
आणि पडद्यावर एर्मेलिंदो,
चिखलात गुडघाभर,
बैलांच्या जोड्यांवर ओरडतोय:
डावीकडची जोडी हळू! हळू, म्हटलं ना!
मागे ओंडक्यांवरून सरकतंय
त्याच्या बहिणीचं आख्खं घर,
पडदे लावलेले, धुराड्यासकट.
गाव दोराला लटकलेलं.
मी त्याला विचारतेय (माझाच आवाज, किती चिरका),
सगळ्यात आधी काय करायचं असतं?
तो म्हणतो, आधी काचेची भांडी बाहेर.
आरसे, कप, देवाची तसबीर.
रिकामं घरच नीट ओढलं जातं.

लाउतारोने व्हिडिओ थांबवला.
मावशी, बॅकअप घेतलायस ना?

घेतला नव्हता.
त्यात अख्खा गुरुवार गेला.
शुक्रवारी जुनं पुसलं, नवं बसवलं,
मायक्रोफोन आधी भलत्याच स्पीकरमधून बोलला, मग सुधारला.
आवाजातली खरखर मी एकटीने काढली,
बैलांचं हुंकारणं मात्र ठेवलं.

घर हलवलं की ओढणाऱ्यांना जेवू घालायचं,
ही आमच्याकडची रीत.
म्हणून विचारलं, हे बांधलं कुणी?
तो म्हणाला, हजारो जणांनी. नावं कुठे माहीत आहेत?
एवढी माणसं, आणि माझ्याकडे एक पातेलं.

त्याला दोनदा वाढलं, सुनिल्दाकडे डबा पाठवला.
बाकीच्यांचं मनात राहिलं.

मग परवा, आवाजाच्या सेटिंगमध्ये,
एक शब्द चुकीचा दिसला,
स्पॅनिशमध्ये कुणी बोलणार नाही असा.
चुका कुठे कळवायच्या ते लाउतारोने दाखवलं.
मी चष्मा पुसला,
बरोबर शब्द लिहिला,
खाली नाव, एदुविगेस, आणि गावाचं नाव,
आणि एक ओळ जास्तीची,
लाउतारो नको म्हणत असतानाही:
इकडे आलात तर बटाटे उकडलेले असतील.